आपल्या शहराच्या विविध भारतीचा इतिहास लिहायचाय? मग असं सुरू करा

सगळ्यात आधी नक्की कुठल्या स्टेशनचा इतिहास लिहिताय ते ठरवा. सोपं वाटतं पण घोळ इथूनच सुरू होतो. पुण्यात कुणालाही विचारा, आकाशवाणी पुणे आणि विविध भारती पुणे म्हणजे एकच असं धरून चालतात. तसं नाहीये. आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला, त्याच्यावर बातम्या, शेतकऱ्यांचे कार्यक्रम, शास्त्रीय संगीत, भाषणं असा सगळा संसार. आणि विविध भारती म्हणजे आकाशवाणीचंच सिनेगाण्यांचं वेगळं चॅनल, त्याच्यावर जाहिराती सुरू झाल्या १ नोव्हेंबर १९६७ ला, मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन ठिकाणी, देशात सगळ्यात आधी. म्हणजे आकाशवाणीवर पैसे घेऊन जाहिरात वाजवायचा प्रयोग आपल्या महाराष्ट्रात झालाय आणि आपल्याकडे याचा कुणाला पत्ताच नसतो, मला याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

तर वहीच्या पहिल्या पानावर स्टेशनचं नाव, चॅनल कुठलं, आणि कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत लिहिणार ते लिहून टाका. ३० वर्षं घेऊ नका, १० घ्या. १९६७ ते १९७७ एवढं नीट झालं तरी खूप आहे.

मागची पार्श्वभूमी एका पानात संपवा, ही माझी कळकळीची विनंती. लोक मार्कोनीपासून सुरू करतात, मग १९२७ ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी, मग १९३६ ला ऑल इंडिया रेडिओ हे नाव, आणि आपल्या स्टेशनपर्यंत येईतो वाचणारा निघून गेलेला असतो. तुम्हाला लागतं ते एवढंच: १९५२ पासून बा. वि. केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री होते, त्यांना सिनेसंगीत आवडत नसे, आकाशवाणीवर सिनेमाची गाणी कमी झाली, आणि लोकांनी काटा फिरवला तो सरळ श्रीलंकेच्या रेडिओ सिलोनवर. तिथे निवेदक अमीन सयानी, तिथे त्यांची सिनेगाण्यांची मालिका बिनाका गीतमाला, आणि जाहिरातींचा पैसाही तिकडेच. त्याला उत्तर म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली, पण बिनजाहिरातीची. पुढे सरकारने नेमलेल्या चंदा समितीने सांगितलं की जाहिराती घ्या, आणि मग १९६७. झालं, एवढं बस.

आता खरी युक्ती. आख्खा इतिहास एकदम धरायला जाऊ नका, एक दिवस धरा. एक मोठा कागद घ्या, डावीकडे सकाळच्या पहिल्या सभेपासून रात्री बंद होईपर्यंत वेळा लिहा (रेडिओवाले प्रसारणाच्या सत्राला सभा म्हणतात, हा शब्द तुम्हीपण वापरा, जुन्या माणसांशी बोलताना दार उघडतं), आणि पुढे रकाने पाडा: कार्यक्रम कुठला, निवेदन कुणाचं, गाणी लोकल का टेपवरची, जाहिराती कुठल्या, आणि ही माहिती कुठून मिळाली. मी १ नोव्हेंबर १९६७ घेतला. बुधवार होता. जुनं पंचांग उघडलं तर लक्षात आलं की हे तर दिवाळीचे दिवस, आणि एकदम सगळं वेगळं दिसायला लागलं, कारण कापडवाले, सोनार, फटाकेवाले सगळ्यांचा धंदा त्याच आठवड्यात. दिवस निवडताना पंचांग बघायचंच. गणपतीतला रेडिओ आणि परीक्षेच्या दिवसातला रेडिओ वेगळा असतो.

हा कागद भरायचा कसा? पहिला आधार जुनी वर्तमानपत्रं. त्यात रोज रेडिओच्या कार्यक्रमांचं छोटं सदर यायचं, कुठल्या मीटरवर काय लागणार ते. केसरी, सकाळ, लोकसत्ता, नागपूरचं तरुण भारत, जे तुमच्या भागातलं असेल ते. मोठ्या ग्रंथालयात जाऊन महिन्याची बांधलेली फाइल मागा, आधी फोन करून वेळ विचारा, फोटो काढायची परवानगी विचारा, आणि प्रत्येक फोटोत तारीख आणि पान नंबर आलाच पाहिजे. मी पहिल्या दिवशी १४० फोटो काढले आणि निम्म्यांवर तारीखच नव्हती, सगळं परत. आणि फक्त ते सदर बघून फाइल मिटू नका. ट्रान्झिस्टरच्या जाहिराती बघा, रेडिओ दुरुस्तीच्या छोट्या जाहिराती बघा, वाचकांची पत्रं तर बघाच, कारण रेडिओवर आता जाहिराती लागणार म्हणजे कलियुग आलं असं कुणाला वाटलं असेल तर ते तिथेच सापडणार.

दुसरा आधार घरातलाच आहे. तेव्हा रेडिओला लायसन्स लागायचं, पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे आणि पुस्तिकेत तिकीट लावून शिक्का घ्यायचा. १९८० च्या दशकाच्या मध्यात ते बंद झालं. माळ्यावरच्या ट्रंकेत, जुन्या बँक पासबुकांच्या गठ्ठ्यात ही पुस्तिका हमखास निघते. त्यावरून कळतं घरात रेडिओ कधी आला, कुठल्या कंपनीचा आला. आळीतल्या १० घरांच्या पुस्तिका जमल्या तर तुमच्या आळीत रेडिओ कसा पसरला ते डोळ्यासमोर येतं.

आता माणसं. खरं तर हे काम कागदांच्याही आधी करा, कागद ग्रंथालयात थांबतील, माणसं थांबत नाहीत. १९६७ ला पंचविशीत असलेला माणूस आज ऐंशीच्या पुढे आहे. आणि माझा अनुभव सांगतो, निवेदकांकडे आधी जाऊ नका, इंजिनीअर आणि ड्यूटी रूममधल्या लोकांकडे आधी जा. निवेदकांच्या मुलाखती आधीच खूप झालेल्या असतात, त्यांचे किस्से घोटून गुळगुळीत झालेले असतात. पण ट्रान्समीटरवर रात्रपाळी केलेल्या माणसाला आजवर कुणी काही विचारलेलंच नसतं. पुण्याचंच बघा, स्टुडिओ शिवाजीनगरला आणि ट्रान्समीटर हडपसरला, तिथल्या बस स्टॉपचं नावसुद्धा आकाशवाणी. या दोन टोकांमधली लाइन मध्येच गेली की काय करायचे, पहिला फोन कुणाला, तोवर श्रोत्यांना काय ऐकू यायचं? हे त्यांनाच माहीत.

प्रश्न विचारताना "त्या काळी कसं होतं हो काका" असं विचारलं की "फार छान दिवस होते" एवढंच उत्तर येतं आणि गाडी थांबते. त्यापेक्षा हाताचं काम विचारा. ड्यूटीवर आल्यावर पहिलं काय उघडायचात? क्यू शीट, म्हणजे कशानंतर काय वाजवायचं त्याची यादी, कोण बनवायचं? विविध भारतीचे बरेच कार्यक्रम मध्यवर्ती ठिकाणी तयार होऊन टेपवर केंद्रांना जायचे, तर ती टेप तुमच्याकडे कशी यायची, आणायला कोण जायचं, वेळेत नाही आली तर काय लावायचात? स्पॉट, म्हणजे छोटी जाहिरात, मध्ये कुठे घुसवायचा ते कोण ठरवायचं? एखादा स्पॉट राहून गेला तर लॉगबुकात काय लिहायचं आणि त्या दुकानदाराला काय सांगायचं? या शेवटच्या प्रश्नावर एका आजोबांनी मला पाऊण तास सांगितलं आणि मी नुसता ऐकत बसलो होतो. रेडिओ धंदा म्हणून कसा चालायचा ते त्या पाऊण तासात जेवढं समजलं तेवढं कुठल्या कागदातून समजलं नाही.

रेकॉर्डिंग करताना फोन फ्लाइट मोडवर टाका, पंखा बंद करा, स्वयंपाकघराचं दार लावा. माझी एक आख्खी मुलाखत कुकरच्या शिट्ट्यांत गेलीये आणि ते गृहस्थ आता नाहीत, त्यामुळे हे कंटाळवाणं वाटलं तरी कराच. सुरुवातीला तारीख, जागा आणि "हे मी लिहिण्यासाठी वापरलं तर चालेल ना" याचं उत्तर त्यांच्याच आवाजात घेऊन ठेवा.

आठवणींवर प्रेम करा पण त्यांना तसंच छापू नका. काही चुका ठरलेल्या आहेत. एक, १९५७ आणि १९६७ एकात एक मिसळतात, लोक सांगतात विविध भारतीवर पहिल्यापासून जाहिराती होत्या, नव्हत्या. दोन, बिनाका गीतमाला आम्ही विविध भारतीवर ऐकायचो असं साठ-सत्तरच्या दशकाबद्दल कुणी सांगितलं तर ते सिलोनच असणार, विविध भारतीवर ती मालिका थेट १९८९ ला आली. तीन, मुंबई केंद्रावरचा मराठी फर्माईशीचा कार्यक्रम विविध भारतीच्या खात्यावर जातो. यात सांगणारा खोटं बोलत नसतो हो, एकाच खोक्यातून सगळं यायचं, काटा जरासाच फिरवायचा, त्यामुळे डोक्यात सगळं एकच होऊन बसलेलं असतं. कागदावर "सांगणाऱ्याची आठवण" आणि "छापील पुरावा" हे दोन वेगवेगळ्या शाईत लिहा, मी निळी आणि हिरवी वापरतो.

जाहिरातींसाठी वेगळी वही करा. व्यापारी चॅनलच्या इतिहासाचा कणा जाहिरात आहे आणि बहुतेक लोक नेमकं हेच सोडून गाण्यांबद्दल लिहितात. राष्ट्रीय कंपन्यांच्या जाहिराती सगळीकडे सारख्याच, त्यात तुमचं शहर दिसणार नाही. तुमचं शहर दिसतं ते लोकल स्पॉटमध्ये, साडीचं दुकान, उदबत्ती, चहा, सायकलवाला, थिएटरला लागलेला नवा पिक्चर. जुन्या बाजारपेठेत जा आणि जी दुकानं तिसऱ्या पिढीकडे आहेत त्यांना विचारा की आजोबांनी रेडिओवर जाहिरात दिली होती का. पावती, पत्र, कधीकधी जिंगलची ओळ तोंडपाठ निघते. काय वाजत नव्हतं हेही लिहा, आकाशवाणीच्या जाहिरात नियमावलीत दारू-तंबाखूला जागा नव्हती. १९७० पासून प्रायोजित कार्यक्रम आले तेव्हा नुसत्या स्पॉटवरून आख्ख्या १५ मिनिटांवर उडी गेली, तो बदल वेगळ्या प्रकरणाएवढा मोठा आहे.

तांत्रिक माहिती, म्हणजे किती किलोवॅट, कुठली फ्रिक्वेन्सी, यासाठी जुन्या वर्ल्ड रेडिओ टीव्ही हँडबुकचे वार्षिक अंक बघा, १९४७ पासून निघतात आणि त्यात जगभरच्या स्टेशनांची यादी असते. लांबची स्टेशनं पकडायचा छंद असलेले डीएक्सर लोक गाठा, त्यांच्याकडे क्यूएसएल कार्डं असतात, म्हणजे "तुम्ही आमचंच स्टेशन ऐकलंत" असं केंद्राने कळवलेलं कार्ड, त्यावर तारीख, फ्रिक्वेन्सी सगळं. एवढं करूनही अडलं तर आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. पण "स्टेशनचा इतिहास द्या" असं लिहू नका, "अमुक साली ट्रान्समीटर बदलला, त्याची तारीख आणि क्षमता सांगा" असं एका अर्जात दोन-तीन नेमके प्रश्न.

कॅसेट किंवा स्पूल (चाकावर गुंडाळलेली जुनी टेप) हाती लागली तर घाई करू नका. बुरशी दिसली, चिकट वाटली, तर मशीनवर चढवायचीच नाही, जाणकाराकडे न्या. चांगली असेल तर एकदाच नीट वाजवा आणि त्याच वेळी संगणकावर वेव्ह फॉरमॅटमध्ये घ्या, एमपी३ नंतर त्यातून करता येते. डबीवरचं लिखाण, आतली चिठ्ठी, दोन्हीचे फोटो काढा. आणि सापडलं म्हणून लगेच यूट्यूबवर चढवू नका. आपल्या कायद्यात प्रसारणावरचा हक्क २५ वर्षं आणि ध्वनिमुद्रणाचा ६० वर्षं चालतो, त्यामुळे निवेदन मोकळं झालं असलं तरी मधलं गाणं अजून कुणाच्या तरी मालकीचं असू शकतं.

खाजगी एफएमचा इतिहास लिहिणार असाल तर रस्ता जरा वेगळा. १९९३ ला आकाशवाणीने एफएमवरचे तास खाजगी लोकांना भाड्याने दिले, १९९८ ला ते बंद केलं, मग लिलाव झाला आणि ३ जुलै २००१ ला बंगळुरूत पहिलं खाजगी स्टेशन सुरू झालं. पहिल्या लिलावात १०८ फ्रिक्वेन्सी काढल्या पण चालू झाल्या २१ च, कारण लायसन्स फी दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणार होती, कोण टिकणार? २००५ च्या धोरणात ती उत्पन्नाच्या ४ टक्क्यांवर आली आणि मग आपल्या मधल्या शहरांत स्टेशनं आली, कोल्हापूरला तर पुढारी समूहाचं टोमॅटो एफएम. इथली माणसं तरुण आहेत, आरजे, सेल्सवाले, स्क्रिप्ट लिहिणारे सगळे फोनवर भेटतात, पण कागद नाही आणि टेपपण नाही, हार्डडिस्क पुसून परत वापरलेल्या. त्यामुळे कुणाच्या जुन्या लॅपटॉपवर डेमो, लिंक, शिफ्टचा तक्ता पडला असेल तर तो आत्ताच मागून घ्या.

लिहून झालं की छापायच्या आधी ज्यांनी ज्यांनी मुलाखत दिली त्यांना त्यांचा भाग वाचून दाखवा, प्रिंट पाठवू नका, समोर बसून मोठ्याने वाचा. वाचताना ते मध्येच थांबवतात, "अहो तो नव्हता, तो तर नागपूरला बदलून गेला होता तेव्हा", आणि एक चूक जाते, दोन नव्या गोष्टी येतात. रेकॉर्डर तेव्हाही चालू ठेवा. आणि घेतलेल्या कॅसेट, पुस्तिका, फोटो ज्याचे त्याला परत करा, सोबत पेन ड्राइव्हवर त्यांची कॉपी, आणि एक कॉपी गावातल्या ग्रंथालयात.