कपडा आधी उलटा करून बघा

इचलकरंजीत तीस वर्षं मी शिवणकाम केलं, आणि माझ्याच नातवाला माझ्या हातचा शर्ट अंगावर नको असायचा. दोन मिनिटांत काढून फेकायचा. "टोचतंय." कुठं टोचतंय विचारलं की "सगळीकडं". मी त्याला हट्टी ठरवलं, एकदा धपाटाही घातला. पुढं सातव्या वर्षी एडीएचडीचं निदान झालं, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि स्वस्थ बसवत नाही अशी मेंदूची ठेवण. थेरपीच्या बाईंनी समजावलं, की आपण घातलेला कपडा थोड्या वेळात विसरतो, याला तो विसरता येत नाही. मानेवरचं लेबल दिवसभर हाक मारत राहतं. एडीएचडीच्या प्रत्येक मुलाचं असं असतं असं नाही, पण पुष्कळांचं असतं. घरी येऊन मी तो शर्ट उलटा केला आणि आतून गालावर फिरवला. माझ्या बोटांना सुईचे घट्टे पडलेत, त्यांना काय कळणार! गालाला लगेच कळलं.

म्हणून दुकानात पहिलं काम हेच. कपडा उलटा करा, मानेची मागची बाजू, काखेची शिवण, कमरेचा पट्टा गालाला लावून बघा. छातीवर कार्टूनचा भला मोठा रबरी छाप असेल तर आतून घाम धरतो, ताठही होतो. मुलाला हवाच असेल तर छोटा छाप घ्या. भरतकामाचं तसंच. मागची गाठागाठींची जाळी पोटाला घासते.

कापडाबद्दल दुकानदार "प्युअर कॉटन आहे ताई" म्हणेलच. घरी आतल्या कडेचा एक दोरा काढून चिमट्यात धरा आणि पेटवा, अर्थात पोरांपासून लांब. सुती दोरा कागदासारखा जळतो, राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी बसतो. आमच्याकडं रोजच्याला होजिअरी, म्हणजे टी-शर्टचं ताणलं जाणारं विणीचं कापड, आणि शिवायचं असेल तर केंब्रिक, म्हणजे पातळ मऊ सुती. पॉपलीन चांगलं, पण नवीन असताना कडक लागतं, कारण मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, तुटू नये म्हणून सुताला खळ लावतात. आमच्या गावात सायझिंगचे, म्हणजे ही खळ लावायचे, कारखाने आहेत, त्यामुळं हे आम्हाला कुणी सांगावं लागत नाही. नवा कपडा रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, तीनदा धुवा, मगच मुलाच्या अंगाला लावा. पहिल्याच दिवशी टोचला की मग कितीही मऊ होऊ दे, तो कपडा कायमचा बाद.

लेबल कात्रीनं कापू नका. उरलेली कड सुईसारखी टोचते, आणि बऱ्याचदा ते पारदर्शक नायलॉनच्या दोऱ्यानं शिवलेलं असतं, त्याचं टोक आणखी वाईट. टाका उसवायच्या हत्यारानं एकेक टाका काढा आणि दोऱ्याचे सगळे तुकडे वेचा. लेबल बाजूच्या शिवणीतच अडकवलेलं असेल तर टाके काढल्यावर शिवण सुटते. तेवढा तुकडा परत मशीनवर घ्या, किंवा लेबलावर जुन्या मलमलीची पट्टी हातानं टाचा. शिवून घेणार असाल तर टेलरला फ्रेंच शिवण सांगा. आधी सुलट बाजूनं शिवायचं, मग उलटवून परत, म्हणजे कापलेली कड आत बंद होते. कड नुसती मशीनच्या दोऱ्यांनी गुंफून टाकायच्या ओव्हरलॉकपेक्षा वेळ जास्त लागतो, टेलर कुरकुरेल. मीही कुरकुरत असे.

मोज्यांवरून आमच्या घरी रोज सकाळी रिक्षा चुकायची. बोटांवरची शिवण! उपाय फुकटचा निघाला: मोजे उलटे घाला. बुटात कुणाला दिसतंय?

गणवेशाची पँट टेरिकॉटची, म्हणजे पॉलिस्टर-सुती मिश्र कापडाची, ती बदलता येत नव्हती. मग आतून कमरेपासून गुडघ्यापर्यंत केंब्रिकचं अस्तर घातलं. पुढं शाळेसारखाच पट्टा ठेवला आणि मागं काज असलेलं इलॅस्टिक ओवलं, बटण पुढंमागं केलं की कंबर सैल-घट्ट होते. औषध सुरू झाल्यावर त्याची भूक कमी झाली, पँट घसरायला लागली, तेव्हा हे इलॅस्टिक फार कामाला आलं. (वजन उतरतंय हे सुनेनं डॉक्टरांनाही सांगितलं, नुसती पँट आवळून भागत नाही.) वर्गशिक्षिकेला वहीत दोन ओळी लिहिल्या, त्यांनी टायची सक्ती सोडली. आधीच्या वर्षी विचारलंच नव्हतं, उगीच भीत बसलो.

काही मुलांचं उलटं असतं, त्यांना घट्ट हवं. शेजारचा मुलगा गणवेशाखाली सायकलिंगची आवळ चड्डी घालतो, त्याशिवाय त्याला बसवत नाही. आमचा कॉलर चावतो, तर मी त्याच्या खिशात आतून सॅटिनच्या रिबिनीचा फासा शिवला. बोटं तिथं गुंतली की कॉलर वाचते, निदान बऱ्यापैकी.

निवडताना "आवडलं का?" विचारू नका, तो घाईत "हो" म्हणून मोकळा होतो. उकिडवं बसायला लावा, हात वर करायला सांगा, दोन उड्या मारायला लावा. काय करतोय ते बघा: मान झटकतोय का, बाही ओढतोय का. पटला तर त्याच जातीचे तीन घ्या, आणि एक पुढच्या मापाचा. रंग त्याला निवडू द्या. पुढची बाजू कळावी म्हणून मी आतून लाल दोऱ्याचा एक टाका घालते, नाहीतर टी-शर्ट उलटसुलट करण्यातच सकाळ जाते.

लग्नकार्याचा जरीचा कुर्ता हा मात्र मोठा प्रश्न. मे महिन्यात भाच्याच्या लग्नाला मी कुर्त्याची बाही आणि गळा मलमलीनं आतून मढवला आणि खाली त्याचा विटलेला निळा टी-शर्ट घातला. वरमाला पडेपर्यंत कुर्ता राहिला. पंगतीला तो निळ्या टी-शर्टवरच बसला.