परदेशातल्या शाळेत सराव पाठ घ्यायला जाताना

परदेशी शाळेत छात्राध्यापक म्हणून जायचं ठरलं की सगळी धावपळ व्हिसा आणि तिकिटाभोवती सुरू होते. माझं सांगणं, पहिला हात पोलिसांच्या चारित्र्य दाखल्याला घाला. मुलांशी संबंध येणार म्हटल्यावर शाळा तो मागतातच, शिवाय त्या देशाची स्वतःची तपासणी असते ती वेगळी. इंग्लंडमध्ये तिला डीबीएस म्हणतात, ऑस्ट्रेलियात प्रत्येक राज्याची निराळी असते. पगार मिळणार नाही म्हणून पर्यटक व्हिसा चालेल, असं धरून चालू नका. आणि तिथले तास आपलं कॉलेज पदवीसाठी धरणार का, हे लेखी घ्या.

कागद एकदाचे होतात. माझी खरी अडचण पाठांच्या टाचणांत झाली. शाळा इंग्लंडच्या अभ्यासक्रमाची होती आणि मला 'यिअर फाइव्ह' मिळालं होतं. पाचवी समजून मी गणिताची बारा टाचणं लिहून नेली. तिथे गेल्यावर कळलं, त्या वर्गातली मुलं नऊ-दहा वर्षांची, म्हणजे आपल्याकडच्या चौथीची. बाराही टाचणं पुन्हा लिहिली. म्हणून इयत्तेचा आकडा विचारू नका, मुलांचं वय विचारा. गुणांचंही तसंच: जर्मनीत 1 ही सगळ्यात चांगली श्रेणी, 6 सगळ्यात वाईट. तिथे दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम येतो, तेव्हा मुलांच्या वह्या आधी चाळा, मग फळ्याकडे वळा.

पहिला आठवडा फक्त निरीक्षणाला मागून घ्या. माझ्या मार्गदर्शक बाई वर्ग शांत करायला आवाज चढवत नसत. हात वर करून उभ्या राहायच्या, एकेक मूल हात वर करत गप्प व्हायचं. हे न बघता मी शिकवायला उभी राहिले असते, तर पहिल्याच तासाला ओरडले असते. त्याच दिवसांत मी प्रत्येक मुलाला त्याचं नाव त्याच्याच तोंडून म्हणायला लावलं आणि यादीत पुढे देवनागरीत उच्चार लिहिला. नाव नीट घेतलं की मूल मान वर करून बघतं.

माझ्या पहिल्या पाठात बाई घड्याळ घेऊन मागे बसल्या होत्या. तास संपल्यावर त्यांनी वही पुढे केली. मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे सेकंद लिहिलेले: एक, एक, दोन, एक. तेवढा वेळ थांबून मीच उत्तर देत होते. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने 1970च्या दशकात नेमकं हेच मोजलं होतं. शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात, तीन किंवा जास्त थांबले तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात. परक्या भाषेत शिकणाऱ्या मुलाला तर आधी प्रश्न मनात समजून घ्यायचा असतो. तेव्हापासून मी मनात पाचपर्यंत मोजते. ती शांतता फार जड वाटते, पण सोडू नका.

एखादं मूल घरचं काही दुखरं सांगू लागलं, तर "कुणाला सांगणार नाही" असा शब्द देऊ नका. बालसुरक्षेचं काम शाळेत कुणाकडे आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा आणि ऐकलेलं त्याच दिवशी त्यांच्या कानावर घाला.

तासांच्या नोंदीवर मार्गदर्शकांची सही दर शुक्रवारी घ्या. शेवटच्या आठवड्यात परीक्षा, निकाल आणि सुट्टी एकत्र येतात, तेव्हा कुणाला सवड नसते.