दोन थरांच्या पाण्यात गाळाचं कारंजं : या चुका टाळा

जुलैत रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी उभं राहून बघा, काजळी नदीचं जांभ्याच्या मातीने लाल झालेलं पाणी समुद्रात शिरतं आणि वरच्यावर पसरत जातं, खाली खारं पाणी तसंच राहतं. माती आहे म्हणजे जड, म्हणजे तळाला जायला हवं, असं पोरांना वाटतं. पण समुद्राचं पाणी घनमीटरला साधारण १०२५ किलो आणि गोडं १००० किलो, हा २५ किलोचा फरक भरून काढायला घनमीटरभर पाण्यात जवळपास ४० किलो माती लागते (सगळ्या ४० किलोंचं वजन वाढत नाही, माती स्वतःची जागा घेते आणि तेवढं पाणी बाजूला सारते). नदीच्या पाण्यात एवढी माती क्वचितच असते.

हे आधी सांगितलं कारण दरवर्षी प्रोजेक्टला कारंज्याचा प्रयोग घेणारी मुलं येतात आणि बहुतेकांची गाडी इथेच अडकते. प्रयोग तसा सोपा, काचेच्या फिश टँकमध्ये खाली खारं पाणी वर गोडं, आणि तळाच्या नोझलमधून जड पाणी वर उडवायचं, ते जोर संपेपर्यंत चढतं आणि मग स्वतःच्याच अंगावरून खाली येतं. त्यात वाळू घातली की मात्र गाळाच्या पाण्याला एकच जड द्रव समजून चालत नाही. पाणी आणि कण थोडा वेळ एकत्र प्रवास करतात, मग वेगळे होतात.

ही सगळ्यात मोठी चूक असल्यामुळे नीट सांगतो. लिटरभर गोड्या पाण्यात ६० ग्रॅम बारीक वाळू ढवळली तर मिश्रणाची घनता साधारण १.०३७ होते (घनमीटरला १०३७ किलो), म्हणजे समुद्राच्या पाण्यापेक्षा जास्त. ते खाऱ्या थरात उडवलं की कारंजं बनतं, वर जातं, वळतं, पडायला लागतं. पण पडतापडता वाळू सुटते आणि उरतं ते गोडं पाणी, आजूबाजूच्या खाऱ्यापेक्षा हलकं! मग पडणाऱ्या पडद्यातून पाण्याचे बारीक धागे उलटे वर निघतात आणि दोन थरांच्या सीमेजवळ जाऊन आडवे पसरतात. मुलं म्हणतात सर नोझल गळतंय. गळत नाहीये, प्रयोग बरोबर चाललाय. ज्वालामुखीतही असंच, राखेने जड झालेला गरम वायू कोसळतो आणि राख गळाली की उरलेला वायू परत वर उठतो.

म्हणून खायचा रंग पाण्यात घाला आणि वाळूकडे वेगळं बघा. रंग पाण्याची वाट दाखवतो, वाळूची नाही.

दुसरं म्हणजे वाळू कुठली घेता. आम्ही एकदा किनाऱ्यावरची काळी वाळू सरळ उचलून आणली आणि दोन दिवस हिशोब जुळेना. रत्नागिरीच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट (लोखंड-टायटॅनियमचं काळं, जड खनिज) असतं, त्याची घनता ४.७ च्या आसपास, साध्या वाळूतल्या क्वार्ट्झची २.६५, त्यामुळे बारीक कण एकाच मापाचे असले तरी इल्मेनाइटचा दुपटीहून जास्त वेगाने खाली बसतो. शिवाय शिंपल्यांचा चुरा. वाळू गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, चाळणीने एकाच मापाची काढा. माप फार महत्त्वाचं, कारण बारीक कणाचा खाली बसायचा वेग व्यासाच्या वर्गाने वाढतो : क्वार्ट्झचा ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण सेकंदाला साधारण २ मिमी खाली जातो, १०० चा ७-८ मिमी. नोझलपाशी पाणी सेकंदाला ५० सेंमीने निघतं तेव्हा हा फरक जाणवत नाही, पण माथ्यावर पाणी थांबतं आणि सीमेवर ते हळू पसरतं, तिथे वाळूचा अक्षरशः पाऊस पडतो. त्यातली जवळ पडणारी काही वाळू कारंजं परत आत ओढून घेतं, हे विसरलात तर नोझलजवळचा गाळ कमी धराल.

खाडीचा चिखल तर वापरूच नका. खाऱ्या पाण्यात चिखलाचे कण एकमेकांना चिकटून गोळे होतात, आणि मग तुम्ही मोजलेलं माप कुठल्याच कामाचं उरत नाही.

उंची मोजताना पहिली उडी बघून आकडा लिहू नका. द्रवांच्या प्रवाहाचे अभ्यासक जे. एस. टर्नर यांनी १९६६ साली मिठाच्या पाण्याची कारंजी मोजून दाखवलं की पहिली उडी नंतरच्या स्थिर उंचीच्या साधारण १.४३ पट असते, कारण नंतर खाली येणारं पाणी वर जाणाऱ्याला अडवतं. म्हणजे स्थिर उंची ९ सेंमी असेल तर पहिल्यांदा ते जवळपास १३ ला पोचतं. मोबाइल स्टँडला लावून व्हिडिओ घ्या, एका फोटोवर भरवसा नको. लेन्स सीमेच्या पातळीत धरा, वरून तिरकं शूट केलं तर थरांमुळे प्रकाश वाकतो आणि माप चुकतं.

कारंजं गुळगुळीत काठीसारखं उभं राहत असेल तर प्रवाह खळबळता झालेलाच नाही. ५ मिमीच्या नोझलला सेकंदाला १० मिली सोडलं की रेनॉल्ड्स अंक (प्रवाह किती खळबळता होईल याचा अंदाज देणारा आकडा, जितका मोठा तितकी खळबळ जास्त) २५०० च्या आसपास येतो, आणि तोंडाजवळ बारीक जाळी लावली की आणखी बरं.

थर मोडले? मग गोडं पाणी घाईने ओतलंय. खाऱ्यावर स्पंजचा तुकडा तरंगत ठेवा आणि त्यावर पातळ नळीने सोडा, अर्धा तास गेला तरी चालेल. दोन्ही पाणी आदल्या रात्री भरून ठेवा, तापमान सारखं होतं आणि विरघळलेल्या हवेचे बुडबुडे कणांना चिकटत नाहीत. वाळूचं पाणी ज्या बादलीतून पंप होतंय ती शेवटपर्यंत ढवळत राहायची, आणि नळी लांब आडवी नको, नाहीतर अर्धी वाळू नळीतच बसते.

पंप दोन-तीन मिनिटांत बंद करा, पसरणारं पाणी टाकीच्या भिंतींपर्यंत पोचलं की कारंजं स्वतःच्याच पाण्यात उडायला लागतं. मग सायफनने पाणी हळू काढा, तळाची वाळू नोझलपासून दर ५ सेंमीला पट्ट्या पाडून वेगवेगळी गोळा करा, वाळवून तोला, आणि ते आकडे व्हिडिओशेजारी मांडा.