कोळंबीचे रिसॉइश: पोर्तुगीज पार्टीचा पदार्थ घरी कसा करावा

पोर्तुगालमध्ये मित्रमंडळी जमली की गप्पांबरोबर खायला जे छोटे पदार्थ मांडतात त्यांना 'पेतिश्कुश' म्हणतात. त्यांतले कोळंबीचे रिसॉइश (एक असेल तर रिसॉल), म्हणजे सारण भरून तळलेल्या छोट्या करंज्याच, घरी करायला सगळ्यात सोयीचे. काम आदल्या दिवशी उरकतं, पाहुणे आल्यावर फक्त तळायचं. गार झाले तरी चांगले लागतात; तिथल्या बेकऱ्यांत ते काचेच्या कपाटात गारच ठेवलेले असतात. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतही सणासमारंभाला रिसॉइश होतात.

मराठी हाताला यात अवघड काही नाही. उकड मोदकासारखी, फक्त मैद्याची. आकार करंजीचा. वरचं आवरण कटलेटचं. खरी परीक्षा सारणाची असते.

साहित्य (साधारण २४ नग)
सारण: सालांसकट ३०० ग्रॅम कोळंबी, १ लहान कांदा, २ लसूण पाकळ्या, २५ ग्रॅम लोणी, ३५ ग्रॅम मैदा, १०० मिली दूध, अर्धं लिंबू, चिमूटभर जायफळ, मिरपूड, मूठभर पार्सली. पार्सली मिळाली नाही तर कोथिंबीर घाला. दक्षिण पोर्तुगालच्या स्वयंपाकात ती भरपूर असते.
उकड: ३०० मिली पाणी, २०० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम लोणी, मीठ, लिंबाच्या सालीची एक पट्टी.
वरून: २ अंडी, ब्रेडचा चुरा, तळायला तेल.

सारण
कोळंबी सोलून काळा दोरा काढा, पण सालं आणि डोकी टाकू नका. चमचाभर ऑलिव्ह तेलात ती लाल होईपर्यंत परता, दोन कप पाणी घालून १५ मिनिटं उकळा आणि गाळा. सगळी चव या पाण्यात आहे. १०० मिली सारणाला ठेवा, उरलेलं उकडीच्या ३०० मिली पाण्यातच धरा.

लोण्यात बारीक कांदा-लसूण मऊ करा. कोळंबीचे चण्याएवढे तुकडे घालून जेमतेम मिनिटभर परता आणि बाहेर काढा. आत राहिले तर पुढे तळताना रबरासारखे चिवट होतात. त्याच कढईत मैदा दोन मिनिटं परता. रंग बदलू देऊ नका. दूध आणि कोळंबीचं पाणी थोडं थोडं घालत ढवळत राहा. चमचा फिरवला की कढईचा तळ दिसावा आणि मागे वाट तशीच राहावी, इतकं घट्ट हवं. आच बंद करून कोळंबी, लिंबाचा रस, जायफळ, मिरपूड, पार्सली आणि मीठ घाला. निदान दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. कोमट सारण पातळ असतं. ते कडेला पसरतं, कड चिकटत नाही आणि रिसॉल तेलात फुटतो.

उकड
पाणी, लोणी, मीठ आणि लिंबाची साल खळखळून उकळा. साल काढा, आच मंद करा आणि मैदा एकदम ओता. गोळा भांडं सोडेपर्यंत लाकडी चमच्याने जोरात घोटा. ओट्यावर काढून गरम असतानाच गुळगुळीत मळा, मग ओल्या फडक्याखाली झाका. लाटताना भेगा पडल्या तर उकड कोरडी आहे. ओल्या हाताने पुन्हा मळा. वरून मैदा भुरभुरत बसलात तर ती आणखी कोरडी होईल.

भरणं आणि तळणं
उकड ३ मिमी जाडीची लाटा. ८ सेंमी तोंडाच्या ग्लासाने चकत्या पाडा, मधोमध चमचाभर सारण ठेवा आणि घडी घाला. सारणाच्या बाजूने कडेकडे दाबत आतली हवा बाहेर काढा, मग कड घट्ट मिटा. अडकलेली हवा तापून फुगते आणि शिवण उसवते.

फेटलेल्या अंड्यात बुडवून चुऱ्यात घोळवा. तेल १७५ ते १८० अंश तापवा. थर्मामीटर नसेल तर ब्रेडचा कण टाकून बघा: लगेच तडतडत वर यावा, पण काळा पडू नये. एका वेळी चार-पाचच सोडा. जास्त सोडले की तेल थंडावतं आणि आवरण तेल पितं. दोन्ही बाजू सोनेरी व्हायला तीन-चार मिनिटं लागतात.

कच्चे, घोळवलेले रिसॉइश ताटात सुटे गोठवून डब्यात भरले की महिनाभर टिकतात. तळताना वितळवू नका, ओलाव्याने आवरण सुटतं. थेट तेलात सोडा, आच थोडी कमी आणि वेळ थोडा जास्त. सोबत ऑलिव्ह आणि लिंबाच्या फोडी मांडा. रात्री जेवायलाच थांबणार असतील तर टोमॅटोचा सैलसर भात करा. पोर्तुगीज घरांत रिसॉइश त्याच्याबरोबर जेवणातही वाढतात.