गोल्फच्या क्लब फिटिंगला जाताय? आधी स्वतःची आयर्न मारा

फिटिंगमध्ये, म्हणजे आपल्याला साजेसा गोल्फ क्लब (स्टिक) मापून निवडताना, नव्या सात नंबरच्या आयर्नने (धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबने) बॉल लांब जातो आणि लगेच ऑर्डरचा आग्रह सुरू होतो. त्याआधी एवढं करा.

१. स्वतःची आयर्न त्याच लाँच मॉनिटरवर (शॉटचा वेग आणि अंतर मोजणारं यंत्र), त्याच बॉलने मारा.
२. दोन्हींचा लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा मागे कललेला कोन) विचारा. जुनी ३४ अंशांची आणि नवी २९ ची असेल, तर वाढलेलं अंतर बहुतांशी कमी लॉफ्टमुळेच. ही गोष्ट क्वचितच कोणी आपणहून सांगतं.
३. सर्वांत लांब गेलेला शॉट सोडा. सरासरी कॅरी (बॉलने हवेतून कापलेलं अंतर) आणि बॉल डावी-उजवीकडे किती पांगतो ते पाहा.
४. शाफ्ट (दांडा), लांबी, लाय (दांड्याचा जमिनीशी कोन), लॉफ्ट, ग्रिप लिहून घ्या आणि घरी या. प्रामाणिक फिटर हे द्यायला खळखळ करत नाही.

दमल्यावर मारलेल्या शॉट्सचे आकडे मात्र धरू नका.