सही दिसली म्हणून हुरळू नका: जुन्या ब्रिटिश चित्राचा चित्रकार ठरवताना होणाऱ्या चुका

अठराव्या शतकातलं एखादं ब्रिटिश पोर्ट्रेट माळ्यावरून खाली आलं की सगळ्यांची नजर आधी कोपऱ्यातल्या सहीवर जाते. पण त्या काळचे नामवंत पोर्ट्रेट चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्स आणि टॉमस गेन्सबरो क्वचितच सही करत. सारा सिडन्स या अभिनेत्रीच्या १७८४ च्या चित्रात रेनॉल्ड्सने तिच्या झग्याच्या काठावर नाव घातलं, त्याचं अप्रूप आजही आहे ते त्यामुळेच. तेव्हा ठसठशीत ‘रेनॉल्ड्स’ दिसलं तर भिंग घ्या. अक्षरांचा रंग जुन्या भेगांत उतरला असेल, तर भेगा आधी पडल्या आणि नाव नंतर आलं.

फ्रेमवरच्या नावाच्या पितळी पट्टीवर तर त्याहून कमी विश्वास ठेवावा. स्कॉटलंडच्या स्कोन पॅलेसमधलं डायडो बेल आणि लेडी एलिझाबेथ मरे यांचं चित्र बराच काळ योहान झोफनी या नामवंत चित्रकाराच्या नावावर खपलं. २०१८ मध्ये ते डेव्हिड मार्टिनचं ठरलं. मार्टिनने या दोघींना सांभाळणाऱ्या लॉर्ड मॅन्सफील्डचंही पोर्ट्रेट केलं होतं. मोठं नाव शोधण्याआधी त्या घरात कोणाचा राबता होता, ते विचारावं.

सगळ्यात फसवं असतं ते रेशीम. जोसेफ व्हॅन एकन हा टॉमस हडसन आणि अ‍ॅलन रॅमझे या दोघा पोर्ट्रेट चित्रकारांच्याही चित्रांतले कपडे रंगवायचा. पुढे रेनॉल्ड्ससाठी हेच काम पीटर टॉम्स करी. बाहीची चमक जुळली म्हणजे चित्रकार जुळला असं नाही. चेहरा बघा. आणि तो पांढराफटक दिसला म्हणून रेनॉल्ड्सला लगेच बाद करू नका. त्याचे लाल रंग त्याच्या हयातीतच उडू लागले होते.

रंगाच्या तपासणीत प्रशियन निळा सापडला तर फारसं काही सिद्ध होत नाही, तो सगळेच वापरत. टायटॅनियम पांढरा विसाव्या शतकातला, म्हणून तो सापडला तर चित्र नंतरचं वाटतं, पण नमुना नंतरच्या डागडुजीतून तर घेतला नाही ना?

चित्राची पाठ पुसू नका. चौकटीवरचे स्टेन्सिलचे काळे आकडे क्रिस्टीज या लिलाव कंपनीचे असतील, तर त्यावरून जुना लिलाव सापडू शकतो. त्या काळचं मेझोटिंट, म्हणजे चित्रावरून कोरलेल्या धातूच्या पत्र्याचा छाप, मिळालं तर त्याखाली मूळ चित्रकाराचं नाव बहुधा असतंच. मात्र छापात प्रतिमा अनेकदा उलटी होते. तुमच्या चित्रातली व्यक्ती छापातल्यासारखीच वळलेली असेल, तर ते छापावरून केलेली नक्कल असण्याची शक्यता आधी तपासा.