स्वस्त इअरफोनची पारख : या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानात माल निवडण्याचे काम करू इच्छिणाऱ्या, किंवा अशा मालाविषयी मराठीतून लिहू-बोलू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी हे अनुभव लिहितो आहे. लातूरला गंजगोलाईच्या बाजारात इअरफोनची खरेदी-विक्री सांभाळत आणि सुट्टीच्या दिवशी आसपासच्या गावांतील कीर्तने व हरिपाठ यांचे ध्वनिमुद्रण करत मी हे काम शिकलो. वरवर पाहता या दोन कामांचा एकमेकांशी काही संबंध नाही, परंतु दुसऱ्या कामामुळेच मला पहिले जमले. ज्याने पखवाज समोर बसून ऐकला आहे, त्यालाच दोनशे रुपयांच्या इअरफोनमधला पखवाज नुसता घुमतो आहे की खरोखर बोलतो आहे, हे सांगता येते.

आमच्याकडचे गिऱ्हाईक बहुतांशी विद्यार्थी असते. मराठवाड्याच्या सगळ्या जिल्ह्यांतून शिकवणीसाठी आलेली ही मुले खोलीत चौघे-चौघे राहतात आणि दिवसातले कित्येक तास कानात इअरफोन घालून व्याख्याने ऐकतात. तरीही दुकानात आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ‘बेस कसा आहे?’ हाच असतो. खोक्यावर काय छापले आहे ते पाहून दुसरा प्रश्न येतो, आणि तिथेच नवखा विक्रेता फसतो. ‘२० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ’ ही माणसाच्या श्रवणशक्तीची ढोबळ मर्यादा आहे (हर्ट्झ म्हणजे ध्वनीची सेकंदाला होणारी कंपने; आकडा जितका मोठा तितका स्वर उंच), आणि ती जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असते. पण त्या पट्ट्यात कुठे आवाज किती डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाजाच्या मोठेपणाचे माप) उंचावतो आणि कुठे खाली बसतो हे सांगितल्याशिवाय त्या आकड्यांना काही अर्थ नाही. सातबाऱ्यावर जमीन किती ते कळते, माती काळी की मुरमाड ते कळत नाही, तसेच हे आहे. ड्रायव्हर, म्हणजे इअरफोनमधला आवाज काढणारा इवलासा स्पीकर, दहा मिलिमीटरचा की चौदाचा, एक की पाच, यावरूनही आवाजाची प्रत ठरत नाही. एका साध्या डायनॅमिक (पडदा हलवून आवाज काढणाऱ्या) ड्रायव्हरचे ट्यूनिंग, म्हणजे कोणता स्वर किती मोठा वाजावा याची जुळणी, नीट केलेले असेल, तर तो घाईने कोंबलेल्या पाच ड्रायव्हरांपेक्षा ऐकायला अधिक सरस ठरतो.

पारख सुरू होते ती रबरापासून, म्हणजे इअरफोनच्या टोकावरच्या सिलिकॉनच्या टोपीपासून. कानात जाणाऱ्या इअरफोनचा बेस हा कानाची नळी आणि रबर यांच्यातील बंदिस्तपणावर अवलंबून असतो. तिथे केसाएवढी फट राहिली तरी खालचे स्वर गळून जातात, आणि उरलेला आवाज पातळ व कर्कश भासतो. ‘याला बेसच नाही’ म्हणून परत आलेल्या मालातला बराचसा भाग केवळ मोठ्या मापाचे रबर चढवून दिल्यावर पुन्हा आनंदाने नेला जातो, हे मी सतत पाहत आलो आहे. म्हणून कोणताही इअरफोन ऐकण्यापूर्वी डबीतील लहान, मध्यम आणि मोठे अशी तिन्ही मापे लावून पाहावीत, आणि दोन्ही कानांना एकच माप बसेल असे गृहीत धरू नये, कारण पुष्कळांच्या दोन कानांच्या नळ्या सारख्या नसतात. रबर बसवताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी किंचित वर व मागे ओढावी, म्हणजे नळी सरळ होते. नीट बसल्याची खूण अशी, की काही वाजत नसतानाही भोवतालचा गलका एकदम दबतो आणि स्वतःचे बोलणे डोक्यात घुमल्यासारखे वाटते. फोमचे रबर चांगले बंद होते, मात्र ते वरचे स्वर थोडे शोषून घेते आणि घामाने लवकर खराब होते. त्यामुळे चाचणी सिलिकॉनवर करावी आणि फोम हा उपाय म्हणून हाताशी ठेवावा.

रबराचे जमले की आवाजाच्या पातळीकडे वळावे. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या ध्वनिसंशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले, की आवाज लहान असताना माणसाच्या कानाला खालचे आणि अगदी वरचे स्वर मधल्या स्वरांच्या मानाने कमी ऐकू येतात, आणि आवाज मोठा केला की ते भरून येतात. याचा दुकानातला परिणाम फार व्यावहारिक आहे. दोन इअरफोन एकाच फोनला, एकाच व्हॉल्यूमवर लावले, तर ज्याची संवेदनशीलता अधिक तो मोठा वाजतो, आणि जो मोठा वाजतो तोच गिऱ्हाइकाला चांगला वाटतो. ही फसगत एक-दोन डेसिबलच्या फरकानेसुद्धा होते. म्हणून तुलना करताना आधी कोणाचे तरी सलग बोलणे लावावे, ते दोन्हींत सारख्याच मोठेपणाने ऐकू येईल असा व्हॉल्यूम प्रत्येकासाठी ठरवून घ्यावा, आणि मगच गाणे सुरू करावे. कंपनीचे प्रतिनिधी माल दाखवायला येतात तेव्हा ही पद्धत त्यांना मुळीच आवडत नाही, आणि ते साहजिकही आहे.

ऐकायचे काय, याबद्दल माझे मत थोडे हट्टी आहे. परदेशी परीक्षक ज्या गाण्यांवर चाचणी करतात तीच गाणी आपण लावण्यात फारसा लाभ नाही, कारण त्यांतील वाद्ये प्रत्यक्षात कशी वाजतात हे आपल्या कानांना ठाऊक नसते. आपल्याला पखवाज, टाळ, वीणा, पेटी ठाऊक आहेत. तुळजापूरकडच्या गोंधळ्यांचे संबळ आणि तुणतुणे ठाऊक आहे. हलगी तर कोणत्याही मिरवणुकीत ऐकलेली असते. हरिपाठाचे एक चांगले ध्वनिमुद्रण घेतले तरी त्यात परीक्षेचे जवळजवळ सारे साहित्य सापडते. पखवाजाच्या धुम्याला, म्हणजे खर्जाच्या तोंडाला, कणीक लावलेली असते आणि त्याचा नाद खोल, पण आवरलेला असतो. इअरफोनमध्ये तो लांबत जाऊन पुढच्या बोलावर सांडत असेल, तर खालचा पट्टा फुगवलेला आहे असे समजावे. दोनशे-तीनशे हर्ट्झच्या आसपास फुगवटा असला की पुरुषाचा आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा होतो आणि पेटीचे स्वर एकमेकांत चिकटतात. स्वस्त मालातला सर्वांत सार्वत्रिक दोष हाच आहे, आणि गिऱ्हाईक त्यालाच ‘दणकट बेस’ म्हणते.

मधल्या पट्ट्यात, साधारण दोन ते चार हजार हर्ट्झमध्ये, शब्दांची स्पष्टता असते. उघड्या कानाची नळी स्वतःच तीन हजार हर्ट्झच्या आसपास आवाज वाढवते, आणि इअरफोनने नळीचे तोंड बंद केले की ही नैसर्गिक वाढ बिघडते. तिची भरपाई इअरफोनच्या ट्यूनिंगमध्ये करावी लागते. ती कमी पडली तर कीर्तनकार पडद्याआडून बोलतात असे वाटते, आणि जास्त झाली तर आवाज ओरडतो. त्याहून वर, पाच ते आठ हजारांच्या दरम्यान, ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरे टोचतात की नाही ते पाहावे. निवेदिकेचे बोलणे यासाठी गाण्यापेक्षा चांगले. टाळाची कसोटी सर्वांत कठीण. चांगल्या इअरफोनमध्ये टाळाचा ठोका आणि त्यामागची झंकार वेगवेगळी कळतात. वाईट इअरफोनमध्ये पत्रा वाजवल्यासारखा एकच खळखळाट होतो. अनेक टाळकरी एकत्र वाजवू लागले की आवाज फाटतो का, तेही इथेच समजते. दहा हजारांवरच्या स्वरांबद्दल मात्र ठाम विधान करण्याचे टाळावे, कारण वयाप्रमाणे तिथली श्रवणशक्ती कमी होत जाते आणि रबर किती आत गेले यावरही तिथला आवाज बदलतो.

दोन्ही बाजू सारख्या आहेत का, हे तपासण्याची रीत नवख्याने पहिल्याच आठवड्यात शिकून घ्यावी. फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाचा डावा-उजवा समतोल मध्यावर आहे याची खात्री करावी, मग मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेल्या, ध्वनिमुद्रणातील बोलणे लावावे. ते डोक्याच्या बरोबर मध्यभागी ऐकू आले पाहिजे. एका बाजूला कलत असेल, तर डावा तुकडा उजव्या कानात आणि उजवा डाव्या कानात घालावा. कल तुकड्याबरोबर दुसऱ्या कानात गेला तर दोष इअरफोनमध्ये किंवा फोनमध्ये आहे. कल त्याच कानात राहिला तर रबर नीट बसलेले नाही किंवा कानात मळ आहे. बोलणे मध्यभागी न येता डोक्याभोवती विखुरल्यासारखे आणि बेस उडाल्यासारखा वाटला, तर एका बाजूच्या तारा उलट जोडल्या गेल्या आहेत, असे बहुधा निघते. ज्या इअरफोनची सुटी वायर दोन पिनांनी तुकड्याला जोडतात, त्यात पिन उलटी बसवल्यानेही असे होते, आणि सरळ करून लावली की दोष जातो.

कोणता स्वर किती मोठा वाजतो हे दाखवणाऱ्या आलेखांचा उपयोग आहे, पण तो कानाने ऐकल्यानंतर. मोजणीसाठी आयईसी ६०३१८-४ या आंतरराष्ट्रीय मानकाचा कृत्रिम कान वापरतात, आणि ध्वनिसंशोधक शॉन ऑलिव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी हरमन या ध्वनियंत्रांच्या कंपनीत श्रोत्यांच्या पसंतीवरून काढलेली रेषा तुलनेसाठी पुष्कळ ठिकाणी घेतली जाते. ती रेषा सरासरी श्रोत्याची आवड सांगते. आलेखात आठ हजार हर्ट्झजवळ दिसणारे टोक अनेकदा मोजणीच्या नळीतील अनुनादाचे, म्हणजे नळी स्वतःच घुमण्याचे, असते, ते इअरफोनच्या माथी मारू नये.

गेल्या काही वर्षांत या धंद्याचे गणित बदलले आहे, हे मान्य करायला हवे. २०२२ साली मूनड्रॉपचा ‘चू’ आणि सेव्हनहर्ट्झचा ‘सॉलनोट्स झिरो’ हे सुमारे वीस डॉलरचे चिनी इअरफोन आले, आणि तेवढ्या पैशांत नीट ट्यून केलेला आवाज मिळू शकतो हे सगळ्यांना दिसले. तेव्हापासून नुसत्या नावावर चार-पाच हजार मागणाऱ्या वायरच्या इअरफोनची बाजू मांडणे मला तरी अवघड जाते. परंतु ‘चू’ची वायर कायमची जोडलेली होती, ती तुटली की सारा इअरफोन निकामी. पुढच्या ‘चू टू’मध्ये वायर सुटी झाली, आणि माझ्या हिशेबात हा बदल आवाजातील कोणत्याही सुधारणेपेक्षा मोठा आहे.

कारण किमतीचे मोल काढताना इअरफोन किती काळ टिकेल हे आवाजाइतकेच महत्त्वाचे असते. बहुतेक स्वस्त इअरफोन ड्रायव्हर खराब होऊन मरत नाहीत. पिनेजवळ किंवा तुकड्याजवळ वायर आतून तुटते आणि ‘एक साइड बंद’ होते. म्हणून पिनेच्या मुळाशी लवचीक रबरी आधार आहे का, आणि वायर हलवली असता खरखर येते का, हे आधी पाहावे. आमच्याकडच्या उन्हाळ्यात घामाने वायर कडक व हिरवट होते, धुळीने आणि मळाने तोंडाची जाळी बुजते आणि एका बाजूचा आवाज बारीक होतो. जाळी खाली धरून मऊ ब्रशने झाडली तर पुष्कळदा आवाज परत येतो. टाचणीने टोकरण्याची आपल्याकडची सवय मात्र जाळी फाडते. बिनवायरच्या बड्सचे आयुष्य त्यांच्या इवल्या बॅटरीएवढेच, आणि ती बदलण्याची सोय जवळजवळ नसते. पारा चाळिशीपार गेलेल्या मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेले बड्स लवकर दम तोडतात. दिवसभर व्याख्याने ऐकणाऱ्याला म्हणून मी वायरचाच इअरफोन सुचवतो. त्याच्या फोनला गोल पिनेचे छिद्र नसेल, तर गोल पीन फोनच्या टाइप-सी छिद्राला जोडणाऱ्या कनेक्टरची किंमत त्यात धरूनच तुलना करतो.

खरेदी करताना वेष्टनावर एमआरपी, उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता आणि ग्राहक तक्रारीसाठीचा संपर्क छापलेला असणे कायद्याने आवश्यक आहे. ‘फर्स्ट कॉपी’ म्हणजे नकली मालावर यातले काहीतरी गायब असते. वॉरंटी कागदावर वर्षभराची आहे, पण तुकडा बदलून घेण्यासाठी परभणीच्या माणसाला पुणे गाठावे लागत असेल, तर ती वॉरंटी मी हिशेबात धरत नाही.

विद्यार्थ्यांना माल देताना आणखी एक हिशेब सांगावा. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांसाठी सुरक्षित ऐकण्याची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास आहे, आणि दर तीन डेसिबल वाढीमागे हा वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला तो जेमतेम चार तासांवर येतो. रोज सहा तास व्याख्याने ऐकणारा मुलगा ४० तासांच्या पलीकडे आधीच गेलेला असतो. एसटीत किंवा चौघांच्या खोलीत बाहेरचा गोंगाट दाबू न शकणारा इअरफोन आवाज वाढवायलाच लावतो, त्यामुळे नीट बंद होणारे रबर हे बेससाठी जितके, तितकेच कानाच्या आरोग्यासाठीही पैसे वसूल करून देते.

ज्यांना परीक्षणे लिहायची आहेत त्यांनी एक वही ठेवावी आणि तीत इअरफोन, रबराचे माप, फोन, ऐकलेले ध्वनिमुद्रण व पहिले मत लिहून काही दिवसांनी तेच पुन्हा ऐकावे. पहिल्या दिवशी ‘झगझगीत’ वाटलेला इअरफोन आठवड्यानंतर डोके दुखवतो, असे वारंवार घडते. कंपनीकडून नमुना फुकट आला असेल, तर ते लेखात ठळकपणे सांगावे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी केंद्र सरकारने २०२२ साली काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरातदाराशी असलेला असा संबंध उघड करणे बंधनकारक आहे. निव्वळ परीक्षणांवर लातूर-नांदेडसारख्या गावी घर चालत नाही. दुकानाची खरेदी, लग्नसमारंभांतील ध्वनियोजना, कीर्तनांचे मुद्रण आणि संपादन यांच्या जोडीनेच ते चालते. ज्यांना आवाजाचेच काम पुढे न्यायचे आहे, त्यांच्यासाठी पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रण व ध्वनिरचनेचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. त्याच्या प्रवेश परीक्षेची तयारी दुकानातली नोकरी सांभाळूनही करता येते.